पाण्याची गंगाजळी

आमच्या घरामागे आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि एक मीटर वीस सेंटीमीटर खोल असा पोहण्याचा तलाव आहे. सासूबाई त्याला पहिल्या दिवसापासून हौद म्हणतात, त्यामुळे घरात तोच शब्द रुळला. 38 हजार लिटर पाणी मावतं. आईंचे दोन्ही गुडघे गेलेले. चिपळूणच्या डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलं. गुहागरचा समुद्र आमच्यापासून दहा मिनिटांवर असला तरी लाटांमध्ये पंचाहत्तरीच्या बाईला कसं चालवणार? म्हणून 2021 च्या दिवाळीत हा हौद बांधून पाण्याने भरला. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी त्याच वर्षी ठाण्याहून कायमची इकडे आले होते. पैसे माझ्या फंडातले, जागा सासऱ्यांच्या आंब्याच्या बागेतली आणि पाणी आमच्याच विहिरीचं.

हे सगळं लिहिते आहे ते पहिल्या चार-पाच महिन्यांत जे झालं त्यामुळे. हल्ली कोकणात घरोघरी, होमस्टेला, वाडीवाडीत असे छोटे तलाव होतायत. मला जे कुणी सांगितलं नाही ते निदान त्यांना कुणीतरी सांगावं असं मनापासून वाटतं.

सुरुवातीला देखभालीला एकजण पंधरा दिवसांनी यायचा. दोन किलो तुरटी पाण्यात फिरवायचा, तरंगत्या डब्यात क्लोरीनच्या पांढऱ्या गोळ्या भरायचा, तळ झाडून घ्यायचा आणि छोट्या डबीत पाणी घेऊन त्यात लाल औषधाचे चार-पाच थेंब टाकायचा. पाणी पिवळं दिसलं की म्हणायचा, "मॅडम, पीएच थोडा कमी आहे, सोडा मारतो." दोन किलो धुण्याचा सोडा पाण्यात पडायचा. दुसऱ्या दिवशी डबीतलं पाणी गडद गुलाबी व्हायचं आणि हौदातल्या पाण्यावर लालसर, चहासारखी झाक यायची. पंधरा दिवसांनी परत पिवळं. परत सोडा.

जानेवारीपर्यंत मी लक्ष घातलं नाही. फेब्रुवारीत आई म्हणाल्या, "अगो, हल्ली डोळे चुरचुरतात माझे, आणि अंगही कोरडं पडतं." मला वाटलं क्लोरीन जास्त होतंय. मग एक दिवस शिडीशी बसले असताना टाइलच्या सांध्यावरून सहज बोट फिरवलं, तर बोटाला वाळू लागली. सांध्यातलं सिमेंट भुसभुशीत झालं होतं. नखाने उकरलं तर उकरलं जात होतं. शिडीच्या बिजागरीपाशी गंजाचे दोन ओघळ. चार महिन्यांपूर्वी बांधलेल्या हौदाची ही अवस्था! त्या रात्री मला झोप लागली नाही. पैशांचं दुःख होतंच, पण आई रोज सकाळी या पाण्यात पाऊण तास काढतात आणि ते पाणी सिमेंट खातंय, हा विचार सोसवेना.

दुसऱ्या दिवशी मी माझं स्वतःचं टेस्ट किट मागवलं. थेंबांचं, पट्ट्यांचं नाही. पट्ट्या आपल्या दमट हवेत लवकर खराब होतात आणि त्यांचे रंग एकमेकांत मिसळलेले दिसतात. त्या किटमध्ये पीएचच्या लाल औषधाशिवाय आणखी बाटल्या होत्या, ज्या मी त्या माणसाच्या हातात कधी पाहिल्या नव्हत्या. त्यांवर लिहिलं होतं, 'टोटल अल्कलिनिटी'.

ती पहिली तपासणी जशीच्या तशी आठवते. हौदाच्या मधोमध, कोपरापर्यंत हात घालून पाणी घेतलं. नळीत खुणेपर्यंत भरलं. आधी क्लोरीन मारणारे दोन थेंब टाकले, मग रंगाचे पाच. पाणी सुंदर हिरवं झालं, कोवळ्या पोपटी पानासारखं. आता तिसऱ्या बाटलीतलं, आम्लाचं औषध थेंब थेंब टाकायचं, दर थेंबाला नळी हलवायची आणि हिरव्याचं लाल होईपर्यंत मोजत राहायचं. प्रत्येक थेंब म्हणजे 10, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये. पुढचे असे सगळे आकडे याच मापातले. चांगल्या पाण्यात आठ ते बारा थेंब लागतात, असं माहितीपत्रकात लिहिलेलं. मी पांढऱ्या भिंतीपुढे नळी धरली, एक थेंब टाकला, हलवली आणि पाणी लाल झालं. एकाच थेंबात! मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. नळी धुऊन परत केलं. परत एकच.

म्हणजे अल्कलिनिटी फार तर दहा. हवी 80 ते 120.

आता हा प्रकार काय, ते मी मला समजलं तसं सांगते. पीएचला आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात आणि शेतकऱ्यांच्या तोंडी फार चांगला शब्द आहे, सामू. सासऱ्यांच्या कपाटात बागेच्या माती तपासणीचे जुने कागद आहेत, त्यांवर सामू 5.6 लिहिलेला आहे. आपली जांभ्याची माती आंबटच. त्याच जांभ्यातून झिरपलेलं आमच्या विहिरीचं पाणीही आंबटाकडे झुकणारं. नंतर प्रयोगशाळेतून तपासून घेतलं तेव्हा सामू 6.2 आणि अल्कलिनिटी 30 निघाली. ही मोजपट्टी 1909 साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने काढली. तिचा एक आकडा म्हणजे दहा पट फरक. सामू 6.5 आणि 7.5 मध्ये आम्लाचा फरक दहा पट आहे, हे एकदा लक्षात आलं की 'थोडा कमी आहे' हे वाक्य किती धोक्याचं ते कळतं.

सामू सांगतो की पाणी या क्षणी किती आंबट आहे. अल्कलिनिटी वेगळी. पाण्यात आम्ल पडलं तर ते पचवायला पाण्याकडे किती शिल्लक आहे, ते ती सांगते. ही शिल्लक मुख्यतः बायकार्बोनेटची असते. माझी उभी हयात सहकारी बँकेत गेली, त्यामुळे मला ती गंगाजळीसारखी वाटते. संस्थेकडे राखीव निधी असला की एखादं कर्ज बुडालं तरी रोजचा व्यवहार हलत नाही. निधी रिकामा असला की साधी थकबाकीसुद्धा संस्थेला डोलवते. आमच्या हौदाची गंगाजळी रिकामी होती. म्हणून कुणी चिमूटभर काही टाकलं की सामू उडी मारायचा, वर किंवा खाली.

मग मी वहीत खर्चाची बाजू लिहायला घेतली. तुरटी आम्लधर्मी असते. पाण्यात पडली की अल्कलिनिटी खाऊनच तिचे ते ढगासारखे पुंजके तयार होतात आणि गाळ बसतो. एक किलो तुरटी, ती कोणत्या प्रकारची त्याप्रमाणे, साधारण 300 ते 500 ग्रॅम अल्कलिनिटी खाते. आमच्या 38 हजार लिटरमध्ये दोन किलो म्हणजे एका फेरीत 16 ते 26 ची उचल. गोळ्याही तशाच. त्या ट्रायक्लोर नावाच्या क्लोरीनयुक्त रसायनाच्या असतात आणि त्यांच्या द्रावणाचा सामू 3 च्या आसपास, जवळपास व्हिनेगरसारखा. पंधरा दिवसांच्या गोळ्यांनी आणखी वीस-पंचवीस गेले. एकूण चाळीस-पन्नास. आणि तो जो दोन किलो धुण्याचा सोडा मारत होता, तो बरोबर 49 भरत होता! म्हणजे पंधरवड्याच्या पहिल्या दिवशी पाणी आठाच्या पार वर, शेवटच्या दिवशी सहाच्या खाली, आणि मधले सगळे दिवस घसरगुंडी. विहिरीतलं लोह त्या सोड्याबरोबर बाहेर पडायचं, तीच ती चहाची झाक.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. त्या लाल औषधाला, फिनॉल रेडला, 6.8 च्या खालचं काही दिसतच नाही. सामू 6.7 असो नाहीतर 5.5, डबी पिवळीच. तक्त्यावरचा शेवटचा चौकोन 6.8 चा, म्हणून तो माणूस प्रत्येक वेळी 6.8 वाचायचा. त्याने मला खोटं सांगितलं असं मी म्हणणार नाही. त्याला जेवढं शिकवलं होतं तेवढं त्याने केलं. पण पिवळं म्हणजे 'थोडं कमी' नव्हे, पिवळं म्हणजे 'किती कमी ते कळत नाही', हे तलाव असलेल्या प्रत्येकाने भिंतीवर लिहून ठेवावं.

गोळ्यांची आणखी एक गोष्ट तेव्हाच कळली. प्रत्येक गोळीबरोबर सायन्युरिक अ‍ॅसिड पाण्यात उतरतं. उन्हात क्लोरीन टिकावं म्हणून थोडं हवंच, तीस-चाळीस. पण ते उडत नाही, मुरत नाही, साठतच जातं. आमचा आकडा किटच्या शंभराच्या पट्टीबाहेर गेला होता. एवढं झालं की क्लोरीन असूनही त्याचा जोर चालत नाही. शिवाय अल्कलिनिटीच्या तपासणीत तेही मोजलं जातं. सामू साडेसाताच्या आसपास असेल तर त्याच्या आकड्याचा साधारण तिसरा हिस्सा अल्कलिनिटीच्या आकड्यातून वजा करायचा, तेव्हा खरी शिल्लक कळते. यावर औषध नाही, पाणी बदलणं हाच उपाय. नवऱ्याने अर्धा हौद उपसून बागेला दिला. देण्याआधी चार दिवस क्लोरीन उन्हात उडू दिलं आणि कलमांच्या बुंध्याशी न सोडता बांधाकडेला सोडलं. अर्धा हौद विहिरीने भरला. मोजलं तर दोन थेंब, म्हणजे वीस.

आता भरायचं कसं? इथे दोन सोड्यांमधला फरक समजून घ्या. धुण्याचा सोडा, म्हणजे सोडा अ‍ॅश, सामू धाडकन वर नेतो आणि जाता जाता अल्कलिनिटी वाढवतो. खाण्याचा सोडा, म्हणजे आपण ढोकळ्यात घालतो तोच, अल्कलिनिटी वाढवतो आणि सामूला हलकेच हात लावतो. त्याच्या स्वतःच्या द्रावणाचा सामू 8.3 च्या पुढे जात नाही. आमच्यासारख्या कोकणातल्या मऊ पाण्याला खाण्याचाच सोडा हवा. बेकिंग पावडर नव्हे बरं का, तिच्यात आम्ल आणि पीठ मिसळलेलं असतं.

हिशोब सोपा आहे. हजार लिटर पाण्याची अल्कलिनिटी दहाने वाढवायला सुमारे 17 ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. आमच्या हौदाला दहाच्या एका पायरीला 650 ग्रॅम. मला वीसवरून 110 वर जायचं होतं. सायन्युरिक अ‍ॅसिडचा हिस्सा धरून पहिल्या वर्षी मी मुद्दाम वरचा आकडा ठेवला. नऊ पायऱ्या, म्हणजे पावणेसहा किलो. चिपळूणच्या घाऊक दुकानातून 25 किलोचं पोतं आणलं. दुकानदाराने विचारलं, "ताई, बेकरी टाकताय का?"

पावणेसहा किलो एकदम ओतलं नाही. रोज दोन किलो, तीन दिवस. पंप चालू ठेवायचा, बादलीत सोडा कालवायचा आणि हौदाच्या चारी काठांनी फिरत, सडा घालावा तसा तो शिंपडायचा. सडा घालायची सवय असलेल्या हाताला हे काम लगेच जमतं. मग सहा-आठ तास पाणी फिरू द्यायचं आणि तेव्हाच मोजायचं, आधी नाही. अर्ध्या तासात मोजून परत टाकायची घाई केली की फसलो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अकरा थेंब लागले. अकराव्या थेंबाला लाल रंग फुलला तेव्हा मी आईंना हाक मारून नळी दाखवली. सामू मी मुद्दाम त्या दिवशी पाहिला नाही. दोन दिवसांनी पाहिला तर 7.4, आणि त्यासाठी वेगळं काहीही टाकलेलं नव्हतं.

म्हणून माझं एकच आग्रहाचं सांगणं आहे. आधी अल्कलिनिटी बघा, ती जागेवर आणा, आणि मग सामूकडे वळा. सामूच्या मागे धावू नका. दहातल्या आठ वेळा तो अल्कलिनिटीच्या मागोमाग आपसूक येतो.

सामू कुठे हवा, तर 7.2 ते 7.8, आणि मी 7.4 ते 7.6 मध्ये ठेवते. त्यामागचं कारण क्लोरीनचं आहे. जंतू मारायचं काम क्लोरीनचं एक रूप करतं, हायपोक्लोरस अ‍ॅसिड. सायन्युरिक अ‍ॅसिड नसलेल्या पाण्यात सामू 7.5 असताना टाकलेल्या क्लोरीनपैकी साधारण निम्मं या कामाच्या रूपात असतं. सामू 8 झाला की चौथा हिस्सासुद्धा मुश्किलीने. तुम्ही क्लोरीन तेवढंच टाकता, पैसे तेवढेच जातात, पण कामाला माणसं निम्मी. खाली 7 वर हे प्रमाण पाऊणापर्यंत चढतं, पण मग पाणी सिमेंट, धातू आणि डोळे यांना त्रास द्यायला लागतं. आपल्या अश्रूंचा सामूही 7.4 च्या आसपासच असतो, म्हणून त्या पाण्यात डोळ्यांना परकं वाटत नाही. आईंचं चुरचुरणं आठवड्यात थांबलं.

गोळ्या बंद केल्या. आता द्रवरूप हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, वापरतो. तो सामूच्या बाबतीत फार उलथापालथ करत नाही. टाकताना जरा वर नेतो, वापरला जाताना तेवढाच खाली आणतो. फक्त उन्हाने आणि उकाड्याने त्याचा जोर उतरतो, म्हणून पंधरा दिवसांचाच आणायचा आणि सावलीत ठेवायचा. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, काहीजण हौदातही टाकतात. अडीअडचणीला चालेल, पण तिच्यात चुना असतो, सामू वर जातो आणि तळाशी पांढरा साका बसतो. तुरटी आता मी क्वचितच वापरते, पावसाळ्यात गढूळ झालं तरच, आणि त्याच्या आदल्या दिवशी अल्कलिनिटी दोन पायऱ्या वर नेऊन ठेवते. तुरटीला काम करायला ती लागतेच. अल्कलिनिटी नसलेल्या पाण्यात कितीही तुरटी फिरवा, पुंजके नीट धरत नाहीत आणि माणूस आणखी टाकत जातो.

सांधे परत भरून घ्यावे लागले. त्या वेळी गवंड्याने विचारलं की परत तसंच नाही ना होणार. त्यातून मला पाण्याच्या भुकेचा विषय कळला. आपलं कोकणातलं पाणी मऊ, त्यात कॅल्शियम फार थोडं. असं पाणी भुकेलं असतं, सिमेंटमधला चुना ओढून घेतं. 1936 साली कॅलिफोर्नियातल्या लँगेलिअर या प्राध्यापकांनी सामू, अल्कलिनिटी, कॅल्शियम आणि तापमान एकत्र धरून पाणी चुना खाईल की थर बसवेल याचं गणित मांडलं. त्यांच्या डोळ्यांपुढे शहराच्या नळाचे पाइप होते, पण आजही तलावाला तेच गणित लावतात. आम्ही कॅल्शियम क्लोराइड टाकून कॅल्शियम दीडशेपर्यंत आणलं. ते विरघळताना बादली चांगलीच तापते, सावध असा.

मग आला जून.

आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. हौदाची खोली बाराशे मिलिमीटर. म्हणजे एका पावसाळ्यात हौद दोनदा भरून उरेल इतकं पाणी वरून पडतं आणि तेवढंच सांडव्याच्या पाइपातून बाहेर जातं. पावसाच्या पाण्यात अल्कलिनिटी जवळपास शून्य. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे स्वच्छ पावसाचाही सामू 5.6 च्या आसपास असतो. 2022 च्या जुलैत पंधरा दिवसांत सुमारे पाचशे मिलिमीटर कोसळला. मी अकरा थेंब सोडून गेले होते, ठाण्याहून परत आले तेव्हा सात लागले. पंधरा दिवसांत चाळीस गेले, कुणी काहीही न टाकता! त्या पावसाळ्यात मी चार वेळा सोडा घातला, पाऊस उघडल्यावर. कोसळत असताना घातला तर अर्धा सांडव्यातूनच जातो.

त्या पावसाने एक भलं मात्र केलं. सायन्युरिक अ‍ॅसिड आमच्याकडून निघत नव्हतं, ते धुऊन नेलं. ऑक्टोबरात तपासलं तर पट्टीवर दिसेना. ज्यांच्याकडे ते साठलं आहे त्यांनी मे महिन्यात टँकर मागवण्यापेक्षा जुलैची वाट पाहिली तरी चालेल.

हे सगळं ऐकून नणंदेचा फोन आला. वन्सं सासवडजवळ राहतात, त्यांच्याकडे 25 हजार लिटरचा तलाव आहे, बोअरवेलचा. त्यांनी माझं ऐकून खाण्याचा सोडा आणूनही ठेवला होता. मी म्हटलं, "वन्सं, तुम्ही काहीही टाकू नका, मी येते." कारण देशावरचं काळ्या दगडातलं पाणी आमच्या अगदी उलट. साबणाला फेस येत नाही, भांड्यावर पांढरे डाग पडतात, हे मी तिकडे भांडी घासताना वर्षानुवर्षं पाहिलं होतं. मोजलं तर मोजतच राहिले. चौतीस थेंब. 340! हे पाणी प्यायला ठीक आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात अल्कलिनिटी 200 पर्यंत असावी आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालते. तलावाला मात्र त्रास. पाणरेषेवर पांढरी किनार, फिल्टरची वाळू दगडासारखी, आणि सामू 8.2. त्यांचा माणूस दर तिसऱ्या दिवशी थोडं अ‍ॅसिड घालायचा आणि दर तिसऱ्या दिवशी सामू परत 8.2 वर यायचा.

तो परत का येतो, ते प्यायच्या सोडा वॉटरच्या बाटलीवरून कळतं. झाकण उघडलं की फसफसून वायू जातो आणि थोड्या वेळाने सोडा बेचव, कमी आंबट लागतो. एवढी अल्कलिनिटी असलेल्या पाण्यात अ‍ॅसिड घातलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड मोकळा होतो, तो हळूहळू हवेत जातो आणि तो गेला की सामू वर चढतो. अ‍ॅसिड सामू आणि अल्कलिनिटी दोन्ही उतरवतं. पाणी खळबळवलं की सामू एकटा चढतो, अल्कलिनिटी आहे तिथेच राहते. याचाच उपयोग करून घ्यायचा. अ‍ॅसिड घालून सामू 7.1 पर्यंत आणायचा, मग कारंजं चालू करायचं, पाइपाचं तोंड वर करून पाणी उडवायचं, सामू चढू द्यायचा, परत अ‍ॅसिड. दरवेळी अल्कलिनिटी एकेक पायरी उतरते. त्यांच्या तलावाला दहा उतरवायला हार्डवेअरच्या दुकानात मिळतं त्या 30-33 टक्क्यांच्या हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचं साधारण अर्धा लिटर लागतं. आम्ही ते तीन आठवड्यांत केलं, एकूण अकरा लिटर, एका वेळी अर्ध्या-एक लिटरपेक्षा जास्त कधीच नाही. मी पहिले चार दिवस तिथे राहिले, पुढचं वन्संनी फोनवर थेंब सांगत सांगत केलं.

अ‍ॅसिडबद्दल मला अगदी कळकळीने सांगायचं आहे. बादलीत आधी पाणी, मग त्यात अ‍ॅसिड, उलट कधीही नाही. हातमोजे, डोळ्यांना चष्मा, वारा पाठीमागून. हायपो किंवा पावडरचा डबा आणि अ‍ॅसिडचा कॅन एका खोलीत ठेवू नका. दोन्ही एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो आणि तो छातीत जातो. गोळ्या आणि टीसीएलही एका डब्यात नको, पेट घेतात. एकच मग दोन्हींना वापरणंसुद्धा नको. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किरकोळ अ‍ॅसिडविक्रीवर निर्बंध आणले, दुकानदार ओळखपत्र मागतो, नोंदवहीत नाव लिहितो. ते त्याला आनंदाने करू द्या. घरात लहान मुलं असतील तर कॅनला कुलूप.

सासवडला आणखी एक गोष्ट आहे. उन्हाळ्यात तिथे रोज अर्धा सेंटीमीटर पाणी उडून जातं, पण क्षार मागेच राहतात. वरून परत तेच 340 चं पाणी घातलं जातं. महिन्याला पंधरा सेंटीमीटर म्हणजे तलावाचा आठवा हिस्सा, म्हणजे अल्कलिनिटी दर महिन्याला चाळीसएक वाढणार. त्यावर वन्संच्या मिस्टरांनी पत्र्याच्या पन्हळीचा पाइप तलावात सोडला. पहिल्या दोन पावसांचं धूळपाणी बाहेर जाऊ द्यायचं आणि मग आत घ्यायचं. जो पाऊस आमची गंगाजळी धुऊन नेतो तोच त्यांची जास्तीची उतरवतो. गेल्या ऑक्टोबरात त्यांच्याकडे तेरा थेंब लागले, अ‍ॅसिडचा कॅन न उघडता.

म्हणून दुसऱ्याचा आकडा आणि दुसऱ्याचं औषध आपल्या पाण्याला लावू नका. जांभ्यातलं पाणी वेगळं, काळ्या दगडातलं वेगळं, टँकरचं तर दर फेरीला वेगळं. हौद भरायच्या आधी भरायचं पाणी तपासा. दहा मिनिटांचं काम आहे.

माझी वही अजून चालू आहे. डावीकडे तारीख आणि थेंब, उजवीकडे काय टाकलं, किती ग्रॅम. आठवड्यातून एकदा अल्कलिनिटी, दोनदा सामू, क्लोरीन रोज. आई सकाळी पाण्यात उतरतात तेव्हा मी काठावर नळी घेऊन बसते, त्यांच्या फेऱ्या आणि माझे थेंब दोन्ही मोजून होतात. काल सामू 7.5 होता आणि नऊ थेंब लागले. पाऊस आठवड्यावर आलाय, म्हणून त्याआधी अकरावर नेऊन ठेवायचं. सव्वा किलो सोडा मोजून बादलीशेजारी ठेवलाय, उद्या आईंच्या फेऱ्या झाल्या की घालीन.